चलन एकीकडं, साहेब एकीकडं

प्रश्न: ताई नमस्कार. मी निपाणीजवळच्या खेड्यातला, ट्रॅक्टर पार्टचं छोटं दुकान आहे. चार दिवसांपूर्वी आईला डोळे दाखवायला बेळगावला चाललो होतो, हायवेवर घाट उतरून पुढं आलो तर पोलिसांनी हात केला. म्हणाले स्पीड ९६, लिमिट ८०. मी म्हटलं साहेब मी ऐंशीच्या वर नव्हतो, मशीनवर दाखवा की. तर एक साहेब एकदम खवळले, "ए, कन्नड बरंगिल्लेन (कन्नड येत नाही काय)? तिकडं महाराष्ट्रात जाऊन दाखव रुबाब." गाडीची किल्ली काढून घेतली, लायसन घेतलं, आई आत बसून थरथरत होती. शेवटी दुसरा म्हणाला पाचशे द्या आणि जावा. कॅश नव्हती तर समोरच्या चहाच्या गाड्यावरचा क्यूआर दाखवला, मारले पाचशे, लायसन मिळालं, पावती नाही. आणि दोन दिवसांनी भावाच्या मोबाईलवर हजाराचं चलन! (गाडी भावाच्या नावावर आहे.) हजाराचं काही नाही ताई, पण आईसमोर जे बोलला ते डोक्यातून जाईना. चलन रद्द करायचंय आणि त्या साहेबाला धडा शिकवायचाय. ग्रुपवर टाकू काय?
(एक वाचक, निपाणी भाग)

दादा, ग्रुपवर टाकू नका. निदान आत्ता तरी नको. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर "मराठी माणसावर अन्याय" म्हणून तुमचा मेसेज फिरायला लागला की तो कुणाच्या हातात राहत नाही, मूळ गोष्ट मागं पडते आणि सीमाप्रश्न पुढं येतो, आणि ज्याच्याकडं तुमची तक्रार जाणार तो अधिकारी आधी हा मेसेज वाचून बसलेला असतो. तुमच्याकडं जे पुरावे आहेत ते ग्रुपपेक्षा कितीतरी जास्त कामाचे आहेत, ते कसे ते सांगते.

पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमची दोन भांडणं आहेत. एक, ९६ चा आकडा खरा की खोटा. दुसरं, साहेब काय बोलले, किल्ली का काढली, पाचशे कुणी घेतले. ही दोन एका अर्जात कोंबू नका ओ. लोक नेमकं हेच करतात, "साहेब उद्धट बोलले म्हणून माझं चलन रद्द करा" असं लिहितात, आणि मग चलनवाले म्हणतात उद्धटपणाचं आमच्याकडं नाही, आणि वरचे साहेब म्हणतात हा तर दंड चुकवायला तक्रार करतोय. दोन्हीकडून हात रिकामे. तुम्ही चालवत होता ९६ नं असं धरलं तरी आईसमोर तसं बोलायचा हक्क कुणाला मिळत नाही, आणि साहेब देवमाणूस असता तरी चुकीचा आकडा बरोबर होत नाही. दोन फाईली, वेगळे अर्ज, वेगळी ठिकाणं.

आता पाचशेचं. हे सगळ्यात घाईचं होतं म्हणून तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, इथं बाकीच्यांसाठी लिहिते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला बदल झाला, तेव्हापासून लाच देणारासुद्धा गुन्हेगार धरला जातो. मात्र ज्याला बळजबरीनं द्यावी लागली त्यानं सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो सुटतो. सात दिवस, लक्षात ठेवा. म्हणजे महिन्यानं आठवण होऊन "मी पाचशे दिले होते" असं लिहून दिलं तर स्वतःच्याच पायावर धोंडा. कर्नाटकात हे काम आता लोकायुक्तांकडं आहे, मधली काही वर्षं एसीबी होती, हायकोर्टानं २०२२ ला ती रद्द केली. बेळगावात लोकायुक्त पोलिसांचं ऑफिस आहे, तिथं लेखी द्या आणि पोच घ्या. लोकायुक्त संस्थेकडं स्वतंत्र तक्रार करायची तर त्यांचा फॉर्म असतो आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, खोटी तक्रार निघाली तर शिक्षा आहे, त्यामुळं जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच.

आणि गंमत बघा, कॅश नव्हती ही तुमची अडचण आता तुमच्याच कामाला आली. फोनपेमध्ये त्या व्यवहाराला बारा आकडी यूटीआर नंबर आहे, वेळ आहे, घेणाऱ्याचं नाव आहे. त्याचा स्क्रीनशॉट तर काढाच, पण बँकेचं स्टेटमेंटसुद्धा काढून ठेवा कारण स्क्रीनशॉट कुणीही बनवतो म्हणतात. अर्जात मात्र चहावाल्याला चोर ठरवू नका. त्या बिचाऱ्याला रोज त्याच रस्त्यावर धंदा करायचाय, साहेब म्हणाले क्यूआर दाखव तर तो नाही कसा म्हणणार. एवढंच लिहा, "अमुक पोलिसांनी सांगितल्यावरून अमुक वेळी या खात्यावर ५०० रुपये पाठवले, मी तिथं काही खाल्लं-प्यायलं नाही, पावती मिळाली नाही." पुढचं तपासणारे बघतील.

आता चलन.

आधी मनाला विचारा, खरंच ऐंशीच्या आत होता? इथं मला खोटं सांगू नका, मी काय दंड लावणार नाही. दवाखान्याची अपॉइंटमेंट, घाटाचा उतार, मोकळा चौपदरी रस्ता, काटा कधी नव्वदच्या वर जातो कळत नाही. तसं झालं असेल तर हजार भरा आणि मोकळे व्हा, कर्नाटकात कारला तेवढाच दंड आहे, कोर्टाच्या एका खेपेत जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि बुडालेलं दुकान धरून त्याच्या वर जातं. भरल्यानं तुमची दुसरी तक्रार कमजोर होत नाही, उलट "दंड भरलाय, तरी तक्रार करतोय" या माणसाला कुणी दंडचुकव्या म्हणू शकत नाही. मात्र एकदा भरलं की चलनाविरुद्ध भांडण संपलं, तडजोड झाली असं धरतात. भरून मग वाद घालतो असं चालत नाही. आणि काही लोक सांगतील थांबा, निम्म्यात होईल. खरंय, २०२३ ला आणि परत २०२५ ला सरकारनं थकलेल्या ई-चलनावर ५० टक्के सूट दिली होती, पण पुढची कधी येणार याच्या भरवशावर बसू नका, तोवर कोर्टाचं समन्स यायचं.

आणि काट्यावर खरंच ऐंशीच होता असं छातीवर हात ठेवून सांगता येत असेल तर लढा. गाडीचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी नाही, त्यामुळं तुमचं म्हणणं पोकळ नाही.

कायदा तुमच्या बाजूनं एक गोष्ट म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या १८३ कलमात लिहिलंय की "मला वाटलं हा जोरात चाललाय" अशा एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर कुणाला दोषी धरायचं नाही, यंत्राचा आधार पाहिजे. म्हणजे सगळी लढाई त्या यंत्राची आहे. २०२१ ला केंद्रानं १६७-अ नावाचा नियम आणला, स्पीड गन, कॅमेरे सगळं त्यात येतं. त्याप्रमाणं यंत्राला मंजुरीचं सर्टिफिकेट पाहिजे आणि ते दरवर्षी नवं करायचं असतं. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवली पाहिजे (तुम्हाला दोन दिवसात आली, तो मुद्दा तुम्हाला नाही). नोटिशीत नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा आणि कलम हे सगळं पाहिजे. शिवाय १ जुलै २०२५ पासून वजनमाप खात्याच्या नियमात रडारवाल्या वेगमापक यंत्रांची तपासणी आणि शिक्का सक्तीचा झालाय, बाजारातल्या तराजूला असतो तसा.

तुम्ही पाठवलेला चलनाचा फोटो मी मोठा करून बघितला. उजव्या लेनमध्ये तुमची पांढरी गाडी, नंबर वाचता येतो, केए २३. तिच्या मागं डावीकडं एक टेम्पो ट्रॅव्हलर अर्धी दिसतीय. आणि नेम धरायचं ते अधिकचं चिन्ह तुमच्या बॉनेटवर नाही, ते दोन्ही गाड्यांच्या मधल्या फटीत आहे, ट्रॅव्हलरच्या आरशाच्या जवळ. लेझर गन ज्याच्यावर नेम धरला त्याचा वेग मोजते. मग ९६ कुणाचा? एवढ्यावर चलन उडेलच असं मी म्हणणार नाही, फोटो घेताना हात हललेला असू शकतो, पण हा खरा मुद्दा आहे, "मी असा माणूस नाही साहेब" यापेक्षा शंभर पटीनं चांगला. मूळ फोटो मागा, मोबाईलवर येतो तो दाबून लहान केलेला असतो.

दुसरं म्हणजे फास्टॅगचा मेसेज. हत्तरगी टोल पार केल्याची वेळ त्यात आहे. चलनावरची जागा टोलच्या पुढची आणि वेळ मात्र टोलच्या आधीची निघाली तर काम झालंच समजा. पण "टोलपासून इथपर्यंत इतकी मिनिटं लागली म्हणजे सरासरी सत्तर पडते" हे गणित घेऊन जाऊ नका, सरासरी सत्तर असताना एका ठिकाणी ९६ असू शकतो, हे शाळेतलं पोर पण सांगेल.

हे सगळं घेऊन परिवहनच्या ई-चलन साईटवर तक्रारीचा पर्याय आहे तिथं टाका, चलन नंबर, थोडक्यात मुद्दा, फोटोवर गोल करून. तिथं दाद लागली नाही तर पुढं कोर्टात मांडायचं. चलनावर जी मुदत लिहिलीय ती मात्र चुकवू नका. यंत्राचं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आपल्या कर्नाटकात एक खोच आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला लागतो. त्यामुळं आईचे डोळे, दवाखाना, साहेबांचा आवाज काही लिहायचं नाही त्यात. "अमुक तारखेला अमुक ठिकाणी वापरलेल्या स्पीड गनचं त्या दिवशी चालू असलेलं मंजुरी सर्टिफिकेट आणि तपासणी सर्टिफिकेट यांची प्रत द्यावी." संपलं.

आता साहेबांची फाईल. ही तुमच्या मनाच्या जवळची आहे ते कळतंय मला.

तुम्ही घाट लिहिलंय पण कुठला ते लिहिलं नाही, आणि इथं सगळा फरक त्याचाच आहे. तवंदी घाट उतरून निपाणी-संकेश्वरच्या बाजूला असेल तर ते जिल्हा पोलीस, म्हणजे एसपी साहेबांकडं तक्रार. वंटमुरी घाट उतरून काकतीच्या हद्दीत असेल तर ते बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणजे कमिशनर साहेबांकडं. काकती शहरात नाही म्हणून लोक अर्ज एसपी ऑफिसला देतात आणि तो इकडून तिकडं फिरत राहतो. चलनावर स्टेशनचं नाव असतं, ते बघा. ज्यांची तक्रार आहे त्यांच्याच स्टेशनात जाऊन देऊ नका, वरच्या ऑफिसच्या आवकमध्ये द्या, शिक्का मारून प्रत घ्या, लांब पडत असेल तर रजिस्टर पोस्टानं.

भाषेचं. अर्ज मराठीत देता येतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात स्पष्ट आहे की गाऱ्हाणं घेऊन कुठल्याही अधिकाऱ्याकडं जाताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क आहे. हक्क आहे तो सोडू नका, पण शहाणपण म्हणून सोबत कन्नड प्रत जोडा, ओळखीतल्या मास्तरांकडून लिहून घ्या. तिथला क्लार्क जे वाचू शकतो ते पुढं लवकर सरकतं. यात कमीपणा काही नाही, घरात आपण दोन्ही बोलतोच की.

आणि तो जो टोमणा मारला, तो शब्दाला शब्द लिहा. कन्नडमध्ये बोलले ते कन्नडच, मराठीत बोलले ते मराठीच. पण "कन्नड पोलिसांनी मराठी लोकांना" असं काही लिहू नका, एका माणसानं एका दिवशी काय केलं एवढंच. आपल्याकडं किती पोलीस घरात मराठी बोलतात हे तुम्हाला मला माहीत आहे, त्यांच्यातलाच कुणीतरी तुमचा जबाब घ्यायला बसणार. नमुना देते, तुमच्या पद्धतीनं फिरवा:

"दिनांक अमुक रोजी सकाळी साधारण अमुक वाजता मी माझ्या आईसह केए २३ (पुढचा नंबर) या गाडीतून बेळगावकडं जात असता अमुक ठिकाणी मला थांबवण्यात आलं. गणवेशावरील नेमप्लेटवर अमुक नाव होतं (नाव वाचता आलं नाही, उंच, चष्मा). मी यंत्रावरील आकडा दाखवण्याची विनंती केली असता त्यांनी पुढील शब्द वापरले. त्यानंतर गाडीची किल्ली काढून घेतली व माझं लायसन साधारण चाळीस मिनिटं पावती न देता ठेवून घेतलं. माझी आई हे सर्व ऐकत होती. त्या दिवशीची ड्युटी यादी, इंटरसेप्टर (स्पीड गनच्या पोलीस गाडी) मधील व असल्यास बॉडी कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवावं व चौकशी व्हावी, ही विनंती."

बस. "उर्मट", "गुंड", "वर्दीचा माज" असले शब्द एकही नकोत, वाचणारा स्वतः ठरवू दे. चित्रण जपून ठेवा ही ओळ मात्र विसरू नका, कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसून त्यावरच नवं चढतं, अर्ज महिनाभर टेबलावर पडला तर बघायला काही उरत नाही.

लायसन बघायला मागायचा त्यांना अधिकार आहे, वेगाच्या गुन्ह्यात ते जप्त करून आरटीओकडं निलंबनासाठी पाठवायचाही आहे, पण मग त्याची पोच द्यावी लागते. ठेवून घ्यायचं, पाचशे आले की परत द्यायचं, ही जप्ती कुठल्या कायद्यात बसत नाही. किल्लीचंही तसंच. २०२५ च्या मे महिन्यात मंड्यात हेल्मेट तपासणीत दुचाकी अडवताना आईबापांबरोबर दवाखान्याला निघालेली लहान पोर पडून दगावली, सगळ्या राज्यात बोंब झाली, त्यानंतर वरून सूचना निघाल्या की रस्त्यावर असं झडप घालून अडवू नका, किल्ल्या ओढू नका. तुमच्या अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख करा.

पुढं काय होईल? बहुतेक डीवायएसपी किंवा एसीपी पातळीवरून जबाबाला बोलावतील. आईला न्या, तिनं ऐकलंय. तिथं चहा देतील, "जाऊ द्या की, त्यांची पण पोरंबाळं आहेत" म्हणतील, गावातल्या कुणा पुढाऱ्याचा फोनही येईल. मिटवायचं तर मिटवा, तुमची मर्जी, माफी मागितली तर बऱ्याच लोकांचं तेवढ्यावर समाधान होतं आणि त्यात वाईट काही नाही. पण "चलन काढून टाकतो, तक्रार मागं घ्या" हा सौदा करू नका, कारण तिथं तुम्ही आणि ते एका माळेचे मणी झालात. जबाब कन्नडमध्ये टाईप करतील, मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, आणि सहीजवळ "मला मराठीत वाचून दाखवलं" असं हातानं लिहा. चुकीचं काही असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या, नंतर कोण ऐकत नाही.

दोन महिने काहीच हालचाल नसेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, वरच्या अधिकाऱ्यांसाठी राज्याचं बंगळूरला, खालच्यांसाठी जिल्ह्याचं. सुप्रीम कोर्टानं २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना असं प्राधिकरण करायला सांगितलं, त्यातून आलेलं. पण त्यांचा भर गंभीर प्रकरणांवर असतो, कोठडीतली मारहाण वगैरे, शिवीगाळीच्या तक्रारीला तिथं किती वजन मिळेल त्याबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. पैशाच्या मागणीला मिळू शकतं. आणि "धडा शिकवायचाय" म्हणाला, तर त्याचा धडा बहुतेक एखादा मेमो, लेखी समज, फार तर बदली असा असतो, आणि तोही तुम्हाला कुणी घरी येऊन सांगत नाही, विचारत राहावं लागतं. नोकरी जाईल वगैरे अपेक्षा ठेवून निघालात तर तुम्हीच दमाल.

राहिला गाडी भावाच्या नावावर असण्याचा मुद्दा. चलन मालकाच्या नावानं निघतं, त्यामुळं चलनावरच्या तक्रारीवर भावाची सही लागेल, त्यात गाडी कोण चालवत होतं ते सरळ लिहा, लपवू नका, थांबवलं तेव्हा लायसन तुमचंच बघितलंय. लोकायुक्तांकडं आणि एसपी किंवा कमिशनरकडं जाणारे अर्ज तुमच्या नावानं, भावाचा त्यात संबंध नाही. आईचा वेगळा अर्ज नको, तिचं नाव साक्षीदार म्हणून पुरे. आणि तिच्या डोळ्यांची तारीख परत घ्या, त्या गडबडीत ती राहिलीच असेल.